मेसोथेलिओमाचं निदान: छातीतल्या पाण्याच्या रिपोर्टवर थांबू नका

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेल्यावर मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, व्हायला साधारण २० ते ५० वर्षं लागतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या नोकऱ्या सालांसकट लिहून न्या: जहाजबांधणी, बॉयलर, सिमेंटचे पत्रे, ब्रेक लायनिंग, जुन्या इमारतींची तोडफोड. घरातल्या कुणाचे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने माखलेले कपडे धुतले असतील, तर तेही सांगा.

दम लागतो, छाती दुखते, एक्स-रेत छातीच्या एका बाजूला पाणी दिसतं. पुढची पायरी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध, ज्याने चित्र स्पष्ट दिसतं) देऊन केलेला सीटी स्कॅन. फुप्फुसाचं आवरण गाठीगाठींनी जाड झालेलं, जाडी १ सेंटीमीटरहून जास्त, आणि ते हृदयाकडच्या बाजूलाही पसरलेलं असेल तर कॅन्सरचा संशय बळावतो. नुसते चुन्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर घाबरू नका; ती अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आल्याची खूण आहे, कॅन्सर नव्हे.

सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढतात आणि पेशी तपासायला पाठवतात. घोळ होतो तो इथेच. या आजारात बऱ्याचदा पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडतच नाहीत, विशेषतः सार्कोमॅटॉइड (लांबट पेशींच्या) प्रकारात. सापडल्या तरी सुजेमुळे बदललेल्या साध्या पेशी हुबेहूब तशाच दिसू शकतात. पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त निघाले, की क्षयरोगाचा समज होऊन महिनोन्‌महिने वाया जाऊ शकतात. रिपोर्ट निगेटिव्ह, पण पाणी पुन्हा भरतंय? मग बायोप्सीचा आग्रह धरा.

सर्वांत भरवशाची पद्धत थोरॅकोस्कोपी. छातीत दुर्बीण घालून डॉक्टर आवरण डोळ्यांनी पाहतात आणि वेगवेगळ्या जागांचे तुकडे घेतात. ९० टक्क्यांहून अधिक वेळा निदान होतं. तुकडा खोल हवा, त्यात आवरणाखालची चरबीही यायला हवी. पेशी चरबीत घुसल्या आहेत का, मुख्यतः यावरून पॅथॉलॉजिस्ट साधी सूज आणि कॅन्सर वेगळे ओळखतात. वरवरचा तुकडा म्हणूनच फुकट जातो. आवरण फुप्फुसाला चिकटलेलं असेल, तर सीटीच्या मदतीने जाड सुईने तुकडा घेतात.

प्रयोगशाळेत पेशींमधली ठरावीक प्रथिनं दिसावीत म्हणून तुकड्याला खास रंग देतात, पण एका रंगावर निकाल देत नाहीत. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सीके ५/६ यांतले किमान दोन पॉझिटिव्ह, आणि टीटीएफ-१, क्लॉडिन-४, सीईए यांसारखे किमान दोन निगेटिव्ह असावे लागतात. त्या पेशींमधून बीएपी-१ किंवा एमटॅप हे प्रथिन नाहीसं झालेलं असेल, तर कॅन्सरच्या बाजूने तो भक्कम पुरावा असतो. पण दोन्ही शाबूत आहेत म्हणून कॅन्सर नाही, असं ठरत नाही. रिपोर्टमध्ये मेसोथेलिओमाचा प्रकार एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की मिश्र, हे लिहिलंय का बघा, कारण उपचार त्यावर ठरतात. दुसरं मत घ्यायचं तर रिपोर्टची प्रत पुरत नाही, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या.

पाणी पुन्हा साठू नये म्हणून छातीत टाल्क पावडर टाकतात. ती बायोप्सी घेऊन झाल्यावरच टाकावी, आणि जमल्यास पेट स्कॅनही आधी उरकून घ्यावा. टाल्कमुळे आलेली सूज नंतर बराच काळ स्कॅनवर कॅन्सरसारखी चमकत राहते.