पाहुणे मित्र आणि दोन दिवसांचं स्कीइंग

मित्र शनिवार-रविवारसाठी आलेत आणि त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात स्की पायात घातलेली नाही? मग स्कीइंग पहिल्या दिवशी सकाळी ठेवा, भटकंती दुपारनंतर. दमलेल्या पायांनी मारलेली ‘फक्त एक शेवटची फेरी’ बहुधा गुडघ्यावर बेतते.

भाड्याचं सामान जमल्यास आदल्या संध्याकाळीच आणा. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो बुटांना. मोजा एकच, तोही पातळ. दोन मोजे चढवले की बूट आवळतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय उलट जास्त गारठतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मोकळी व्हावीत. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून लावतात. तिथे लाजून वजन कमी सांगू नका (सांगतात लोक!), नाहीतर स्की भलत्या क्षणी निसटेल. कौशल्याची बढाई त्याहून वाईट, कारण मग पडल्यावरही ती सुटत नाही.

ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो, म्हणून ढग असले तरी गॉगल हवाच. डोळ्यांची जळजळ काही तासांनी सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. शेकडो पायऱ्यांचा मनोरा त्या दिवशी नको; केबलकारने वर जा, निवांत फोटो काढा.