क्लेम झालेत, पॉलिसीही संपलीय: कारचा विमा आता कसा काढायचा

आपल्याकडे विमा गाडीचा निघतो, चालकाचा नाही. चलानं कितीही साठली तरी खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, सगळ्यांना सारखाच असतो. जून 2022 पासूनचे सरकारी दर असे: 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416, त्यापुढे 7,897, आणि वर 18 टक्के जीएसटी. क्लेमचा फटका बसतो ओन डॅमेजला, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याला. तिथला दर कंपनी ठरवते आणि नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तिथेच मिळतो.

पॉलिसी संपली असेल तर आधी गाडी रस्त्यावर काढणं थांबवा. पहिल्यांदा पकडलं तर 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खरी भीती अपघाताची आहे: जखमी माणसाची भरपाई मालकाच्या खिशातून जाते आणि तिला वरची मर्यादा नाही.

मग पॉलिसी संपल्यापासूनचे दिवस मोजा. 90 दिवसांच्या आत नूतनीकरण केलं तर एनसीबी टिकतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी तो शून्य.

विम्यात खंड पडलेल्या गाडीची तपासणी होते, बहुधा कंपनीच्या अ‍ॅपवर व्हिडिओ काढून. दिवसाउजेडी, एका दमात, चारही बाजू, काच, चालू इंजिन, किलोमीटर आणि चेसिस नंबर दाखवा. पार्किंगच्या अंधारात काढलेला व्हिडिओ परत येतो, तो बहुतेक नंबर वाचता न आल्यामुळे. जुने पोचे लपवू नका; ते नोंदले जातात आणि त्यांची भरपाई पुढे मिळत नाही, एवढंच. तपासणी अडली तर नुसता थर्ड पार्टी घ्या, ओन डॅमेज नंतर स्वतंत्र काढता येतो. पॉलिसी कोणत्या तारखेपासून लागू आहे ते मात्र वाचा.

आता क्लेमचं गणित. समजा बंपर फुटला, गाडी 1200 सीसी, झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. बंपर 6,000, रंगकाम 3,000, मजुरी 1,000. प्लास्टिकवर निम्मा घसारा, म्हणून 3,000 मिळतील. रंगकामाचा पाव भाग सामान धरतात, त्यावर निम्मा घसारा, राहिले 2,625. मजुरी पूर्ण. एकूण 6,625, त्यातून मालकानं सक्तीनं स्वतः सोसायचे 1,000 वजा: हातात 5,625.

गमावलं किती? सध्या 45 टक्के एनसीबी आहे आणि बोनसआधीचा ओन डॅमेज हप्ता 10,000 धरू. क्लेम नसता तर पुढच्या वर्षापासून 50 टक्के सूट होती. आता ती ओळीनं 0, 20, 25, 35, 45 अशी चढेल. पाच वर्षांत 12,500 रुपये गेले, जीएसटी वेगळाच. अशा वेळी गॅरेजचं बिल स्वतः भरलेलं बरं. दार, बॉनेट, चासीपर्यंत मार असेल तर मात्र बेलाशक क्लेम करा.

दारू पिऊन चालवताना ठोकली तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जातो. समोरच्याला कंपनीनं पैसे दिले, तरी ते मालकाकडून वसूल करायला ती मोकळी असते.

कंपनी बदलताना फॉर्मवर एनसीबी खोटा लिहू नका. नवी कंपनी जुनीकडे खात्री करते, आणि खोटं बऱ्याचदा क्लेमच्या वेळीच उघडं पडतं, गाडी गॅरेजमध्ये उघडून ठेवलेली असताना.