शोधनिबंधांची नोंद: रेडिओलॉजिस्टनी या चुका टाळाव्यात

फिल्म वाचण्याआधी रुग्णाचे नाव आणि डाव्या-उजव्याची खूण तपासायची, हे रेसिडेन्सीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. स्वतःच्या शोधनिबंधांच्या यादीबाबत ही काळजी फार थोडे जण घेतात आणि पदोन्नतीची मुलाखत आठ दिवसांवर आली की धावपळ सुरू होते. मी मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर वाईट वाटते.

नाव दर वेळी वेगळे लिहिणे

सर्वाधिक नुकसान याच चुकीने होते. महाराष्ट्रात शाळेच्या कागदपत्रांपासून आडनाव, स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम अंगवळणी पडलेला असतो. नियतकालिकाच्या अर्जातील तीन रकान्यांत घाईघाईने हाच क्रम भरला, की वडिलांचे नाव आडनाव होऊन कायमचे छापले जाते.

माझ्या एका सहकारी डॉक्टरांचे एमडीच्या काळातील तीन निबंध माहेरच्या नावाने होते, लग्नानंतरचे सहा सासरच्या नावाने, आणि दोन निबंधांत क्रम उलटल्यामुळे वडिलांचेच नाव आडनाव म्हणून आले होते. शोधनिबंध आणि त्यांना मिळालेले संदर्भ नोंदवणाऱ्या स्कोपस या माहितीसंचाने त्यांना तीन वेगवेगळे लेखक मानले होते. समितीसमोरच्या छापील प्रतीत सहाच निबंध दिसत होते. उरलेले पाच आपलेच आहेत, हे पटवण्यातच मुलाखतीचा वेळ संपला आणि यकृताच्या एमआरआयवरील त्यांच्या उत्तम कामाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. ते पद त्यांना मिळाले नाही. पुढे आम्ही दोन शनिवार बसून प्रत्येक निबंधाची पहिली पाने जमवली, तिन्ही प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती स्कोपसकडे पाठवली, आणि काही आठवड्यांनी नोंद दुरुस्त झाली. हे काम मुलाखतीपूर्वी सहा महिने करता आले असते, याची खंत मला अजूनही आहे.

म्हणून पहिला निबंध पाठवण्याआधीच लेखनासाठीचे नाव ठरवावे, ते लग्नानंतरही शक्यतो तेच ठेवावे, आणि संशोधकाची कायमची ओळख ठरणारा ऑर्किड क्रमांक काढावा. २०१२ पासून उपलब्ध असलेला हा सोळा स्थानांचा क्रमांक मोफत मिळतो आणि त्याच्या नोंदीत आपली इतर नावेही लिहिता येतात. निबंधाचे प्रूफ आले की मी सर्वांत आधी लेखकांची ओळ वाचतो आणि त्यानंतरच मथळ्याकडे वळतो.

एच-इंडेक्स कुठून घेतला, ते न सांगणे

हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेल्या या मापाचा अर्थ सोपा आहे: प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झालेले दहा निबंध असतील, तर एच-इंडेक्स दहा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि परिषदांचे सारांशही मोजत असल्याने तेथील आकडा स्कोपसपेक्षा बहुधा मोठा दिसतो. त्यामुळे आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहावी. स्कॉलरमध्ये निबंध आपोआप जोडले जाण्याची सोय मी बंद ठेवतो, कारण पाटील, जोशी, कुलकर्णी या आडनावांचे, त्याच आद्याक्षरांचे संशोधक असंख्य आहेत. एका रेसिडेंटच्या प्रोफाइलमध्ये उसावरील किडीचे चार निबंध आले होते. ते त्याला ठाऊक होते, पण आकडा वाढतो म्हणून त्याने ते राहू दिले होते. असे वागणे मला मुळीच मान्य नाही, आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर स्वतःचा मानणे

'रेडिओलॉजी' या अमेरिकी नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे आधीच्या दोन वर्षांतील निबंधांना त्या वर्षी मिळालेल्या संदर्भांची सरासरी, २०१९ मध्ये सुमारे ७.९ होता, २०२१ मध्ये तो २९ च्या वर गेला आणि २०२३ मध्ये १२ च्या आसपास आला. २०२१ च्या आकड्यासाठी २०१९ आणि २०२० मधील निबंधांना त्या वर्षी मिळालेले संदर्भ मोजले गेले, आणि त्यांत वुहानमधील १,०१४ रुग्णांच्या छातीच्या सीटीची आरटी-पीसीआरशी तुलना करणाऱ्या निबंधासारखे कोविडवरील लेखन होते. त्याच काळात तेथे घोट्याच्या एमआरआयवर लिहिणाऱ्याचे काम त्यामुळे चौपट मोलाचे ठरत नाही. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मांडलेल्या डोरा जाहीरनाम्याचा आग्रहही हाच आहे. मी यादीत इम्पॅक्ट फॅक्टर लिहीत नाही. त्या निबंधाला स्वतःला किती संदर्भ मिळाले आणि एखाद्या मार्गदर्शक तत्त्वात त्याचा उपयोग झाला का, एवढेच लिहितो.

इतर काही चुका

परिषदेतील सारांश आणि त्यावरून पुढे झालेला निबंध यांची दोन निबंध म्हणून गणना करू नये.

ज्यांनी काम केले नाही त्यांचे नाव सौजन्य म्हणून घालू नये, मग ते विभागप्रमुख का असेनात. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी ठरवलेले चारही निकष पूर्ण व्हावे लागतात.

निदानाच्या अचूकतेवरील अभ्यासासाठी स्टार्ड आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासासाठी क्लेम ही तपासणीसूची लिहायला बसण्याआधी वाचावी. परीक्षकाने त्रुटी दाखवल्यावर नव्याने विदा गोळा करता येत नाही.

तीन दिवसांत स्वीकृतीचे आश्वासन देणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेलला उत्तरच देऊ नये. घाईने तेथे निबंध पाठवला असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आणि लेखी स्वरूपात तो मागे घ्यावा, कारण एकदा तेथे छापून आलेला निबंध चांगले नियतकालिक पुन्हा स्वीकारत नाही.