जुन्या गाडीच्या इंजिनवरच्या व्हॅक्यूम नळ्या परत कशा जोडाव्यात

कार्ब्युरेटर काढून साफ केला, परत बसवला आणि आता इंजिनवर चार-पाच रबरी नळ्या मोकळ्या लोंबताहेत. कुठली कुठे होती, आठवत नाही. बऱ्याचशा निपल (नळी जिच्यावर चढवतात ती बारीक तोंडं) एकाच मापाच्या असल्यामुळे कुठलीही नळी कुठेही जाते, पण नळी बसली म्हणजे ती तिथलीच, असं नसतं. प्रत्येक निपलला ओढ (व्हॅक्यूम) कधी असते आणि कधी नसते, हे आधी शोधायचं. बाकीचं काम त्यावरून ठरतं.

अजून काही काढलं नसेल, तर आधी चारही बाजूंनी फोटो घ्या आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून एकच आकडा लिहा. निपललाही तोच आकडा. वेळ निघून गेली असेल, तर बोनेटच्या आतल्या बाजूला पाहा. 1970 आणि 1980च्या दशकांतल्या बऱ्याच गाड्यांवर तिथे व्हॅक्यूम नळ्यांची आकृती चिकटवलेली असते. त्याहून जुन्या गाडीला वर्कशॉप मॅन्युअल हवं. मात्र इंजिन किंवा कार्ब्युरेटर मूळचाच आहे ना, याची खात्री करा. कुणी मध्येच बदलला असेल तर आकृती जुळणार नाही.

आता ओढीबद्दल. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, थ्रॉटलची (हवेची वाट उघडबंद करणारी) पाकळी जवळजवळ बंद असते. त्यामुळे पाकळीच्या खालच्या बाजूला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्यापेक्षा दाब खूपच कमी होतो. तिथल्या निपलला आयडलिंगलाच जोरदार ओढ मिळते. काही निपल मात्र कार्ब्युरेटरवर पाकळीच्या किंचित वर उघडतात. त्यांना आयडलिंगला ओढ नसते, थोडा ॲक्सिलरेटर दिला की येते.

दोन्हींतला फरक बोटाने कळतो. सगळी मोकळी तोंडं रबरी टोप्यांनी बंद करा, इंजिन चालू करा आणि एकेक टोपी काढून तिथे बोटाचं टोक ठेवा. बोट लगेच चिकटलं तर ती मॅनिफोल्डची ओढ. काहीच जाणवलं नाही, पण थ्रॉटल हाताने थोडं उघडल्यावर बोट ओढलं गेलं, तर ती पाकळीवरची. हे करताना गाडी मोकळ्या हवेत, हँडब्रेक लावून आणि न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा. बाह्या आणि केस फॅनपासून दूर हवेत.

ब्रेक बूस्टरला (पेडलच्या जोराला मदत करणारा डबा) कायम मॅनिफोल्डचीच ओढ लागते. तिची नळी सगळ्यांत जाड असल्याने चूक सहसा होत नाही. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरलाही (इंजिनवरच्या भारानुसार गिअर पडण्याची वेळ ठरवणारा भाग) मॅनिफोल्डचीच लागते. ती नसेल तर गिअर उशिरा आणि धक्का देत पडतात. त्या नळीत गिअरबॉक्सचं तेल दिसलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय, तो आधी बदला. ईजीआर व्हॉल्व्हला (थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडणारा) बहुतेक वेळा पाकळीवरची ओढ असते, तीही इंजिन तापल्यावर उघडणाऱ्या स्विचमधून. ती थेट मॅनिफोल्डला जोडली तर आयडलिंगलाच जळलेला धूर सिलिंडरमध्ये शिरतो आणि इंजिन गचके खात बंद पडतं.

डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सबद्दल (ओढीच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) मात्र सरसकट नियम नाही. काही इंजिनांना पाकळीवरची ओढ ठरवून दिलेली असते, काहींना मॅनिफोल्डची. इथे अंदाज नको, मॅन्युअल बघाच. जोडण्याआधी त्याचा पडदाही तपासा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, नळीचा स्वच्छ तुकडा लावून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने तोंड दाबून धरा. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत. हळूहळू परत आली तर गळतोय. पेट्रोलच्या वाफेच्या नळ्यांना मात्र तोंड लावू नका.

जुनी नळी वापरण्याआधी ती वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा निपलवर ताणलेल्या टोकाला किंवा कोपऱ्याच्या आतल्या बाजूला असते, सरळ धरल्यावर दिसतही नाही. फक्त टोकच कडक झालं असेल आणि लांबी पुरत असेल, तर धारदार ब्लेडने सेंटिमीटरभर सरळ कापून परत बसवा. कात्रीने रबर चेपतं. रबर सगळीकडेच कडक असेल तर नळी बदला. नवी घेताना आतलं माप निपलशी मिळवा आणि जाड भिंतीचीच घ्या, नाहीतर ओढीने ती आत चपटी होते. क्रँककेसमधल्या (इंजिनच्या तळातल्या) वाफा परत इनटेकमध्ये नेणाऱ्या पीसीव्हीच्या नळीला तेल सोसणारं रबर लागतं, सिलिकॉन तिथे टिकत नाही.

मॅनिफोल्डवरचं पितळी फिटिंग निमुळत्या आट्यांचं असेल, तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, पण पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचा तुकडा आत ओढला जाणार नाही. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डवर पान्याचा जोर बेताचाच ठेवा, नाहीतर भोकाला तडा जाईल.

नळीत मध्येच एखादा प्लास्टिकचा तुकडा असेल, तर त्याची दिशा सांभाळा. बूस्टरचा एकमार्गी व्हॉल्व्ह बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा सोडतो, इंजिनच्या बाजूने फुंकल्यावर अडवतो. दोन रंगांचा गोल तुकडा ओढ सावकाश पोचवणारा असतो. तो उलटा बसला तर ॲडव्हान्स चुकीच्या वेळी येतो.

रिकाम्या निपल विसरू नका. माझ्या गाडीचं आयडलिंग डळमळायचं म्हणून मी कार्ब्युरेटर दोनदा उघडला होता. दोष शेवटी मॅनिफोल्डच्या मागच्या, न वापरलेल्या निपलवरच्या रबरी टोपीत निघाला. समोरून ती ठणठणीत दिसायची. मागून बोट फिरवलं तेव्हा नखाएवढी चीर हाताला लागली. तेव्हापासून टोप्या मी सगळ्यांत आधी बदलतो.

सगळं जोडल्यावर इंजिन गरम करून मॅनिफोल्डवर व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीजवळ धडधाकट इंजिनचा काटा आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर राहतो. उंचावर दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल, तर एक तर कुठेतरी हवा आत शिरतेय किंवा टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे आहे. एकेक नळी चिमट्याने हलकेच दाबा. जी दाबल्यावर काटा चढतो, गळती तिच्याच वाटेवर आहे. नळ्यांमध्ये काही सापडलं नाही तर गॅस्केटच्या कडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी वाचवून. आवाज बदलला तर जागा तीच. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट घेणारा स्प्रे वापरू नका.

बूस्टरची चाचणी गाडी रस्त्यावर नेण्याआधीच करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर तीच नळी आणि तोच व्हॉल्व्ह पुन्हा बघा. टायमिंग आणि मिक्स्चरच्या स्क्रूला हात लावायचा तो हे सगळं झाल्यावर. मॅन्युअलमध्ये तसं सांगितलं असेल तर टायमिंग बघताना ॲडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद ठेवा आणि काम झालं की ती परत जोडा.