‘गाभण आहे का?’ हे आधी विचारू नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला गोठा, बाहेर धो धो पाऊस. माझ्याबरोबर आलेली पशुवैद्यकीची इंटर्न खांद्यापर्यंत हातमोजा चढवून, गुदद्वारातून हात घालून गाय गाभण आहे का ते तपासत होती. दोन मिनिटांनी हळूच म्हणाली, ‘‘सर, काहीच लागत नाहीये. मला हे जमणार नाही.’’ वर्गात पहिल्या पाचांतली मुलगी!

साडेचार वर्षं अभ्यास करून मुलं वर्षभराच्या इंटर्नशिपला येतात आणि हुशार मुलंच जास्त घाबरतात. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी ‘आपण खोटे ठरू’ या भीतीवर लिहिलं, तेही यशस्वी बायकांकडे पाहूनच.

तेव्हा इंटर्नला शिकवताना ‘गाभण आहे का?’ हे आधी विचारू नका. त्याला बरोबर किंवा चूक, दोनच उत्तरं. ‘हाताला काय लागतंय?’ असं विचारा.

‘‘हात आवळला जातोय, बोटं बधिर झालीत,’’ ती म्हणाली. म्हणजे लागत होतं की! आतड्याची लाट आली की असंच होतं. तेव्हा जोर लावायचा नाही, आतडं दुखावतं. हात सैल सोडून लाट जाऊ द्यायची. मग तळवा खाली टेकवून हळूहळू फिरवायला सांगितला. ‘‘कोंबडीच्या मानेसारखं कडक काहीतरी आहे.’’ ते गर्भाशयाचं मुख. तिथून पुढे गर्भाशयाची दोन शिंगं. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘‘उजवं मोठं आहे. पाणी भरलेल्या फुग्यासारखं.’’ दोन महिन्यांच्या गाभण गाईत हाच फरक हाताला लागतो. निदान तिनेच केलं होतं, फक्त त्याचं नाव मी घेतलं.

मालकाची तयारी गोठ्यात शिरण्याआधीच करा. ‘‘दोतोर, हें भुरगें पळयतलें?’’ (डॉक्टर, हे पोर बघणार?) हा प्रश्न येणारच. ‘आधी ही तपासेल, मग मी’ असं सांगून टाका. तिचा हात मध्येच काढायला लावून स्वतःचा घालू नका. मालकासमोर गेलेली पत लवकर परत येत नाही. मात्र गाईलाही मर्यादा आहे. ती कुंथू लागली किंवा मोज्यावर रक्त दिसलं तर तपासणी तिथेच थांबवा. इंटर्न जास्त असतील तर तिसऱ्याचा नंबर दुसऱ्या गाईवर.

सगळीकडे मोकळं सोडून चालत नाही. दुग्धज्वरात, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय आडवी पडते तेव्हा, शिरेतून कॅल्शियम देताना बाटली इंटर्नच्या हातात, पण स्टेथोस्कोप माझ्या कानाला. वेगाने गेलं तर गाईचं हृदय बंद पडू शकतं.

नुसतं ‘छान, छान’ही नको, मुलांना ते कळतं. चुकलं तर जीपमध्ये बसल्यावर स्पष्ट सांगा. त्यांना एक वही ठेवायला सांगा: आधी त्यांचं निदान, मग तुमचं, शेवटी गाय प्रत्यक्ष व्याली ती तारीख.

आणि स्वतःची फजिती सांगा. मी एकदा पाच महिन्यांची गाभण गाय ‘रिकामी’ म्हणून आलो होतो. त्या सुमारास गर्भाशय खाली पोटात उतरतं, हाताला सापडत नाही. गर्भाशयाच्या धमनीची थरथर बघायला हवी होती, ती मी बघितली नाही. चार महिन्यांनी मालक डबाभर खरवस घेऊन दवाखान्यात आला. टेबलावर ठेवला, ‘‘त्याच गाईचा,’’ एवढंच म्हणाला आणि गेला.