खरखर न करणारा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्युम कंट्रोल: जुळणी आणि दोषशोध

खाडीकाठच्या दमट हवेत, मग ते ठाणे असो वा वाशी-ऐरोली, अॅम्प्लिफायरमधला कार्बन पट्टीचा पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) काही वर्षांत खरखरू लागतो आणि कमी आवाजावर डावी-उजवी बाजू सारखी राहत नाही. पीजीए २३११ ही आवाज नियंत्रित करणारी आयसी वापरल्यास हे दोन्ही त्रास मुळातच टळतात, कारण ध्वनिसंकेत सरकत्या स्पर्शातून जातच नाही. नॉब केवळ मायक्रोकंट्रोलरला आकडा कळवतो.

आयसी, तिचा सॉकेट, आर्डुइनो नॅनो (मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड), रोटरी एन्कोडर (फिरवल्याचे संकेत देणारा नॉब) आणि ९-०-९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हे सारे मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे. फारच स्वस्तात मिळणारी आयसी मात्र घेऊ नये.

सर्वाधिक काळजी वीजपुरवठ्याची घ्यावी. आयसीला अधिक ५ आणि उणे ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात, म्हणून ७८०५ आणि ७९०५ ही व्होल्टेज रेग्युलेटरची जोडी वापरावी. या दोघांच्या पायांचा क्रम वेगळा असतो: समोरून पाहता ७८०५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे, तर ७९०५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट असे येतात. शिवाय ७९०५ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असल्याने ती अभ्रकाच्या चकतीशिवाय कॅबिनेटला स्क्रूने आवळली, तर शॉर्टसर्किट होते. आयसी सॉकेटमध्ये बसवण्यापूर्वी दोन्ही व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावीत आणि सॉकेटच्या पायांलगतच ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर डाखावेत. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज हवाच.

प्रोग्रॅममधून १६ बिट पाठवायचे असतात: आधी उजव्या चॅनेलचे आठ, मग डाव्याचे. १९२ हा आकडा म्हणजे शून्य डेसिबल, त्याखालची प्रत्येक पायरी अर्ध्या डेसिबलची, आणि ० म्हणजे पूर्ण शांतता. १९२ च्या वर आयसी संकेत वाढवू लागते, थेट ३१.५ डेसिबलपर्यंत, म्हणून स्पीकरच्या जिवासाठी प्रोग्रॅममध्ये १९२ ही कमाल मर्यादा घालावीच. म्यूटचा पाय १० किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला ओढून ठेवावा आणि पुरवठा स्थिरावल्यावरच नॅनोने तो ५ व्होल्टवर उचलावा, म्हणजे सुरू करताना स्पीकरमध्ये ‘धप्प’ होत नाही.

आवाजच येत नसेल तर प्रथम हाच म्यूटचा पाय मोजावा; तिथे ५ व्होल्ट असूनही शांतता असेल, तर चिप-सिलेक्टची (आयसीला आकडा घ्यायला सांगणारी) तार पाहावी, कारण आकडा पाठवताना ती शून्य व्होल्टवर जायला हवी. आवाज फाटत असल्यास उणे ५ व्होल्ट तपासावेत. नॉब एका दिशेला फिरवूनही आकडा मागेपुढे उड्या मारत असेल, तर एन्कोडरच्या दोन्ही पायांपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कॅपॅसिटर लावावा. गुणगुण ऐकू आल्यास इनपुटची शील्ड तार आणि नॅनोचे ग्राउंड वेगवेगळ्या वाटांनी कॅबिनेटला टेकलेले नाहीत ना, हे पाहावे, आणि सर्व ग्राउंड वीजपुरवठ्याच्या मोठ्या कॅपॅसिटरपाशी एकाच बिंदूत आणावेत.