हीटेड ग्रिप घेताना आणि वापरताना

हीटेड ग्रिप म्हणजे बाइकच्या हँडलवरच्या, विजेवर तापणाऱ्या मुठी. आधी हँडलबारचा व्यास मोजा. बहुतेक बाइकचा 22 मिमी असतो, बऱ्याच क्रूझरचा 25 च्या आसपास. जुन्या ग्रिपची लांबीही बघून ठेवा. वरून गुंडाळायचे पॅडही मिळतात, पण मला ते पटत नाहीत. मूठ जाड होते आणि क्लच दाबून दाबून बोटं भरून येतात.

जोडी साधारण 30 ते 50 वॅट खाते, म्हणजे 12 व्होल्टवर अडीच ते चार अँपिअर. मध्ये फ्यूज आणि इग्निशनवर चालणारा रिले (चावी बंद केली की वीज तोडणारा स्विच) हवाच, नाहीतर बटण चालू राहिलं की सकाळी बॅटरी झोपलेली. खरी मेख थ्रॉटलकडच्या, म्हणजे वेगासाठी पिळायच्या मुठीच्या वायरीत आहे. तिला थोडी ढील ठेवा. मग हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टोकापर्यंत वळवा आणि दोन्हीकडे मूठ पूर्ण पिळून सोडा. ती आपोआप झटकन मागे आली नाही, तर बाइक बाहेर काढूच नका.

निघताना फुल, तळवे तापले की कमी. ग्लोव्हज तळव्याकडे पातळ असलेले घ्या. जाडजूड घातले तर ऊब आत पोचतच नाही. बोटांची पाठ मात्र गारच राहते, वारा तिथेच झोंबतो. त्यासाठी हँडगार्ड लावा.